नाताळ बाजार बघायला जायचंय, पण तारखा जुळेनात (जर्मनी-ऑस्ट्रिया, सहकुटुंब)

साखरभात
नमस्कार मंडळी. यंदा डिसेंबर २०२६ मध्ये युरोपातले नाताळ बाजार बघायला जायचं घरात नक्की झालंय. आम्ही दोघं, मुलगा सहावीत, मुलगी पाच वर्षांची आणि सासू-सासरे (दोघंही सत्तरीचे, चालतात व्यवस्थित पण सासूबाईंचे गुडघे थंडीत कुरकुरतात). मुलांच्या शाळेला २४ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी आहे म्हणून एका ट्रॅव्हलवाल्याने प्लॅन करून दिलाय, २४ च्या रात्री मुंबईहून निघायचं, २५ ला म्युनिक, मग न्यूर्नबर्ग, तिथून स्ट्रासबुर्ग, परत फिरून व्हिएन्ना आणि २ तारखेला घरी. नाव दिलंय ख्रिसमस मार्केट स्पेशल. पैसे अजून भरले नाहीयेत, शुक्रवारपर्यंत टोकन द्या म्हणून मागे लागलाय. ज्यांनी हे बाजार बघितलेत त्यांनी सांगा की इतकी गावं एका आठवड्यात जमतील का, थंडी कितपत असते, आणि मुख्य म्हणजे खाण्याचं काय, कारण सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. बजेटवर नंतर बोलू, आधी प्लॅन बरा आहे का तेवढं सांगा.

इसारकाठचा
ताई टोकन अजिबात देऊ नका. पुढचं सगळं नंतर वाचा, आधी हे वाचा.

जर्मनीतले बहुतेक नाताळ बाजार नाताळच्या आधी संपतात. न्यूर्नबर्गचा २४ डिसेंबरला दुपारी दोनला बंद होतो. म्युनिकचा मारिएनप्लाट्झ ह्या मुख्य चौकातला २४ लाच संपतो. कोलोनचा कॅथेड्रलसमोरचा, श्टुटगार्टचा, रोथेनबुर्गचा, हे तर २३ लाच आवरतात. तुम्ही २५ ला म्युनिकला उतरलात तर मारिएनप्लाट्झवर रिकामे स्टॉल आणि ते उचलायला आलेले ट्रक दिसतील, फार तर. तुमच्या ट्रॅव्हलवाल्याला हे माहीत नसेल तर कठीण आहे आणि माहीत असेल तर त्याहून कठीण आहे.

ह्या बाजारांचं गणित नाताळवर नाही, अॅडव्हेंटवर चालतं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अॅडव्हेंट. यंदा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतोय, न्यूर्नबर्गचा बाजार त्याच्या आदल्या शुक्रवारी म्हणजे २७ ला सुरू होईल. तिथून साधारण चार आठवडे. इथे जर्मनीत लोक ऑफिस सुटलं की चार सहकाऱ्यांबरोबर बाजारात उभे राहून गरम वाइन पितात, रविवारी मुलांना घेऊन जातात, आणि २४ ची दुपार झाली की सगळं गाव घरात. त्या संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

आणि अजून एक. २५ आणि २६ दोन्ही दिवस इथे सुट्टी, दुकानं बंद. यंदा २५ ला शुक्रवार, २६ ला शनिवार आणि २७ ला रविवार, रविवारी तर एरवीही सगळं बंदच असतं. म्हणजे २४ च्या दुपारपासून २८ च्या सकाळपर्यंत साधं दूध आणायचं तर स्टेशनावरच्या दुकानात रांग लावायची. पाच वर्षांची मुलगी बरोबर आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

कुंपणावरचा
थोडक्यात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीचे देखावे बघायला मुंबईत उतरण्यापैकी आहे हे. आणि ते पण स्पेशल पॅकेज घेऊन :D

साखरभात
बाप रे. मी हे वाचून गारच पडले. ट्रॅव्हलवाल्याला फोन केला तर म्हणतो, मॅडम थोडे स्टॉल असतातच की. थोडे म्हणजे किती ते काही सांगेना. टोकन कॅन्सल.

पण मग आमच्यासारख्यांनी जायचं कधी? दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, ती सुट्टी साधारण तिसऱ्या आठवड्यात संपते, बाजार सुरू होणार २७ ला. नाताळची सुट्टी लागते तेव्हा बाजार संपलेले. मुद्दाम आमच्या दोन सुट्ट्यांच्या मधोमध बसवलेत की काय!

वसईकरीण
मुद्दाम नाही हो :) अॅडव्हेंट म्हणजे आमच्याकडे आगमनकाळ. म्हणजे सणाआधीची तयारी. पूर्वी त्यात उपास असायचे, आमची आजी तरी त्या दिवसांत फार हात आखडून स्वयंपाक करायची. सण सुरू होतो २४ च्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वसईत त्यानंतरच खरी धमाल, पुढे दोन-चार दिवस एकमेकांकडे जाणं-येणं, फराळाची ताटं फिरतात. जर्मनीत माझी बहीण असते, तिच्याकडे गेले तेव्हा मला सगळ्यात विचित्र हेच वाटलं की २४ च्या संध्याकाळीच घरोघरी भेटवस्तू उघडून झाल्या, जेवणं झाली, आणि २५ ला बाहेर चिडीचूप. आपल्याकडे २५ ला घरात पाऊल ठेवायला जागा नसते.

उपासावरून आठवलं. तो श्टॉलन म्हणून सुकामेव्याचा लांबट पाव मिळतो ना, ड्रेस्डेनचा प्रसिद्ध आहे, त्यात लोणी घालायला आगमनकाळात बंदी होती. तेल घालायचे आणि ते फार बेचव व्हायचं म्हणे. शेवटी तिथल्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केला आणि १४९१ मध्ये लोणी घालायची परवानगीचं पत्र आलं. आता तर खऱ्या ड्रेस्डेनर श्टॉलनला मैद्याच्या निम्मं तरी लोणी लागतंच असा नियम आहे, सगळी कसर भरून काढलीये लोकांनी.

डबलडेकर
धागाकर्तीने इतकं निराश व्हायची गरज नाही. आम्ही नाताळनंतरच गेलो होतो आणि मुलं बेहद्द खूश होती. फक्त जर्मनी सोडा आणि ऑस्ट्रिया-चेक धरा.

साल्झबुर्गचा कॅथेड्रलच्या चौकातला बाजार १ जानेवारीपर्यंत असतो. व्हिएन्नात राठहाउसचा, म्हणजे महापालिकेच्या इमारतीसमोरचा जो सगळ्या फोटोत दिसतो, तो २६ ला संपतो, पण बेल्वेडेअर राजवाड्यासमोरचा ३१ पर्यंत चालतो आणि शॉनब्रुनचा तर नवीन वर्ष उजाडल्यावरही काही दिवस. प्रागचा जुन्या चौकातला ६ जानेवारीपर्यंत. बुडापेस्टही नवीन वर्षापर्यंत. फ्रान्समध्ये कोलमार नाताळनंतर तीन-चार दिवस उघडं असतं, पण स्ट्रासबुर्गचा आधीच आवरतो, त्यामुळे त्या भरवशावर जाऊ नका. तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, त्या त्या शहराच्या पर्यटन साइटवर ऑक्टोबरमध्ये बघून मगच हॉटेल नक्की करा.

शॉनब्रुनला २६ नंतर बाजाराचा रंग बदलतो. नाताळचं सामान जाऊन नवीन वर्षाच्या शुभशकुनाच्या वस्तू येतात, मार्झिपानची गुलाबी डुकरं, चार पानांचं क्लोव्हर, धुराडं साफ करणारा काळ्या कपड्यातला माणूस, नाल. एकमेकांना ही डुकरं भेट द्यायची पद्धत आहे तिथे. माझ्या मुलीने खाऊच्या पैशातून वर्गातल्या सगळ्यांसाठी घेतली आणि घरी येईपर्यंत निम्म्यांची तोंडं-शेपट्या स्वतःच खाल्ल्या. आणि ३१ ला रात्री व्हिएन्नाच्या भर चौकात बाराला श्टेफान्सडोमची मोठी घंटा वाजली की लगेच वॉल्ट्झ सुरू होतो आणि जाड जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर नाचायला लागतात, अगदी आजी-आजोबासुद्धा. हे बघायला मिळणार असेल तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा मुळीच वाया नाही.

इसारकाठचा
डबलडेकर यांच्याशी सहमत, पण अर्धाच. शॉनब्रुन सुंदर आहे. तरी ज्याला बाजार बघायचाय त्याने आगमनकाळातच यावं, कारण तेव्हा तो तिथल्या लोकांचा असतो. २६ नंतर उरतो तो आपला, म्हणजे पर्यटकांचा.

शाळेला रजा टाकणं शक्य असेल तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा आणि न्यूर्नबर्गला तीन रात्री राहा. चार गावं पळत बघू नका. न्यूर्नबर्गच्या बाजाराचा सगळ्यात जुना पुरावा म्हणजे एक लाकडी पेटी, तिच्यावर १६२८ साल आणि नाताळ बाजारातून भेट आल्याचं लिहिलंय, तिथल्याच संग्रहालयात आहे. (ड्रेस्डेनचा श्ट्रिट्झलमार्क्ट १४३४ चा, स्ट्रासबुर्गचा १५७० चा, जुनं कोण ह्यावर ह्या गावांची आपापसात भरपूर चुरस असते.) हाउप्टमार्क्ट नावाच्या चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचे स्टॉल ओळीने. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला चौकातले दिवे मालवतात आणि फ्राउएनकिर्श चर्चच्या सज्जात सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली क्रिस्टकिंड येऊन बाजार उघडल्याची कविता म्हणते. ही शहरातलीच १६ ते १९ वयाची मुलगी असते, दर दोन वर्षांनी निवडतात. नंतर महिनाभर ती शाळा-वृद्धाश्रम-हॉस्पिटलं करत फिरते आणि काही दुपारी बाजारात मुलांना भेटते.

२०१९ ला निवडलेली बेनिग्ना मुन्सी, तिचे वडील भारतीय. एएफडी ह्या अतिउजव्या पक्षाच्या एका स्थानिक शाखेने तिच्या रंगावरून घाणेरडी पोस्ट टाकली, त्यावर इतका गदारोळ झाला की ती काढावी लागली. गाव तिच्या मागे उभं राहिलं. मुलीला सहावीतल्या दादाकडून ही गोष्ट सांगायला लावा, ती सज्जाकडे बघताना मान वर करून थांबेल.

लहान मुलांसाठी बाजूच्याच हान्स-झाक्स-प्लाट्झवर वेगळा बाजार असतो, जुन्या पद्धतीचं दुमजली मेरी-गो-राउंड, छोटा पाळणा, वाफेच्या इंजिनाची गाडी. तिथे बिस्किटं भाजायला, मेणबत्त्या करायला पण बसवतात. पाच वर्षांच्या मुलीचा पूर्ण दिवस तिथे जाईल, मोठ्या बाजारात तिला नुसते पाय आणि कोट दिसतील.

प्रवासाचं: बायर्न-तिकीट घ्या. पूर्ण बव्हेरियात (म्युनिक-न्यूर्नबर्ग ज्या राज्यात येतात ते) दिवसभर, पाच मोठ्यांपर्यंत एकाच तिकिटावर, १४ वर्षांपर्यंतची स्वतःची मुलं-नातवंडं फुकट. फक्त लोकल-रीजनल गाड्यांत चालतं, आयसीई म्हणजे जलद गाड्यांत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. ह्याच तिकिटावर साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत जाता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

चहाबिस्किट
खाण्याचं मी सांगते, कारण माझ्या सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत आणि त्यांना घेऊन मी हे बाजार पालथे घातलेत.

बिनधास्त: भाजलेले चेस्टनट (मारोनी), तांब्याच्या कढईत साखर-दालचिनीत परतलेले बदाम (गेब्रान्टं मांडेल्न, ह्याचा वास तीन गल्ल्या आधी येतो), उकडलेला मका, चॉकलेटात बुडवलेली फळं. लांगोश म्हणजे मैद्याची तळलेली मोठी भाकरी, वर लसणाचं पाणी, क्रीम, चीज, ती मिळाली की जेवणच झालं.

विचारून घ्या: कार्टोफेलपुफर. किसलेल्या बटाट्याची जाडसर धिरडी, मोठ्या तव्यात तेलाच्या तळ्यात डावाने सोडतात, कडा तांबूस झाल्या की उलटतात आणि कागदाच्या ताटलीत तीन ठेवून वर सफरचंदाचा गोड-आंबट गर. आमच्या सासूबाई म्हणाल्या, उपासाची थालीपीठं केलीत पण मीठ कमी पडलंय. बऱ्याच ठिकाणी त्यात अंडं असतं, काही ठिकाणी चरबीत तळतात. स्टॉलवर "ओने आय?" म्हणजे अंड्याशिवाय आणि "श्माल्ट्स?" म्हणजे चरबी, एवढं विचारलं तर सरळ उत्तर देतात, बोर्डवरही बरेचदा घटक लिहिलेले असतात. मशरूम लसणाच्या सॉसमध्ये मिळतात ते सहसा शाकाहारी असतात.

फसवे: केझेश्पेट्झले दिसायला चीज-नूडल्स, पण त्या नूडल्समध्येच अंडं. फ्लामकुखनवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच, वेगळा सांगावा लागतो. बटाट्याच्या सूपमध्ये सॉसेज. बाऊमश्ट्रिट्झेल, प्रागला ट्रडेल्निक म्हणतात तो गोल नळीसारखा गोड पाव, पिठात अंडं असू शकतं. एलिझन लेबकुखनमध्ये मैदा १० टक्क्यांहून जास्त चालत नाही, बदाम-अक्रोड २५ टक्के तरी हवेत, मग ते धरून कशाने ठेवतात तर अंड्याने. श्टॉलन मात्र पारंपरिक कृतीत बिनअंड्याचा असतो, पण मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात, सासूबाईंना सांगायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा ;)

मुलांना किंडरपुन्श द्या, फळांच्या रसाचा मसालेदार गरम काढा, दारू नसते त्यात. ग्लूवाइन (ती गरम वाइन) आणि ते एकाच आकाराच्या मगमधून येतात, मगची अदलाबदल होऊ देऊ नका. मगसाठी तीन ते पाच युरो अनामत घेतात, त्याला फांड म्हणतात. परत दिला की पैसे परत, नको द्यायला तर मग तुमचा. दर वर्षी गावाचं नाव आणि साल घालून नवीन चित्र असतं. आमच्याकडे आता चहा त्यातच प्यायला जातो. काही ठिकाणी मगबरोबर एक टोकन देतात, ते हरवलं की पैसे गेले.

आणि हॉटेलऐवजी किचनवाली खोली घ्या. खिचडी रोज रात्री हवीशी वाटते तिथे.

कुंपणावरचा
एक विरोधी सूर लावू का? मी तीन-चार गावचे बाजार बघितले आणि दुसऱ्या गावानंतर मला सगळं तेच ते वाटायला लागलं. तेच सॉसेज, त्याच लोकरीच्या टोप्या, त्याच काचेच्या गोळ्या आणि अर्धं सामान चीनहून आलेलं. भाव दुप्पट. गर्दी इतकी की शनिवारी संध्याकाळी चालावं लागत नाही, लोकच तुम्हाला वाहून नेतात. लाखभर रुपये माणशी घालून हे बघायचं तर त्यापेक्षा गोव्यात नाताळ करावा, नेवऱ्या दोदोल खावे, स्वेटर नाही लागत.

लेथवाला
कुंपणावरचे साहेब, शनिवारी संध्याकाळी गेलात तर असंच वाटणार. मंगळवारी दुपारी तीनला जा, अंधार सव्वाचारपासून पडायला लागतो, त्या तासाभरात दिवेही लागतात आणि गर्दीही नसते.

सगळं चीनचं ह्या मुद्द्यावर जरा लिहितो, माझा विषय आहे. ड्रेस्डेनच्या दक्षिणेला चेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्ग म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथे शतकानुशतकं चांदी-कथलाच्या खाणी होत्या. खाणी आटल्या तसे खाणकामगार लाकूडकामावर आले. नटक्रॅकर, तोंडातून धूर सोडणारे लाकडी बुवे, मेणबत्त्यांच्या गरम हवेने फिरणारे पिरॅमिड, खिडकीत ठेवायची दिव्यांची कमान, हे सगळं तिकडचं. ड्रेस्डेनच्या बाजारात जो पिरॅमिड उभा करतात तो १४ मीटरपेक्षा उंच आहे.

त्यातलं झायफन नावाचं गाव आहे, तिथे मी जे बघितलं ते इंजिनिअर माणसाने बघावंच. स्प्रूसच्या ओल्या खोडाची जाड चकती लेथवर लावतात. पाण्यात भिजवून ठेवलेलं लाकूड असतं, कातताना ओले लांब छिलके उडतात आणि सगळ्या खोलीत राळेचा वास. म्हातारा कारागीर पटाशीने एका बाजूने खाचा घेतो, मग चकती उलटून दुसऱ्या बाजूने. समोर दिसतं ते नुसतं कड्याकड्यांचं गोल रिंगण, कशाचाच आकार नाही. चित्र त्याच्या डोक्यात आहे, लाकडात अजून कोणालाच दिसत नाही. मग ते रिंगण काढून पाचर लावून उभं चिरतात आणि चिरेवर घोडा! पाय, मान, पोट सगळं. एका रिंगणातून पाचरी पाडत गेलं की पन्नासेक घोडे निघतात, हत्ती हवे तर हत्ती. मग कान-शेपटी चिकटवायची आणि रंगवायचं. साधारण १८०० च्या आसपास ही पद्धत निघाली, स्वस्त खेळणी भराभर करायला. मी त्याला खुणेने विचारलं की मध्येच मोजत का नाही, तर त्याने अंगठा पटाशीच्या पाठीवर ठेवून दाखवला. झालं, तेच माप.

हे प्राणी श्ट्रिट्झलमार्क्टला मिळतात, बोटाच्या पेराएवढे. महाग वाटतील पण पोटाखालून बघा, लाकडाच्या वर्षवलयांच्या रेषा दिसल्या तर खऱ्या लाकडाचा. साच्यातल्या नकलेत त्या रेषा नसतात. बाकी लोकरीच्या टोप्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

वसईकरीण
म्युनिकला फक्त गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या सामानाचा एक छोटा बाजार असतो, क्रिपर्लमार्क्ट, तो चुकवू नका. आमच्या घरी दर वर्षी गोठा करतो, त्यासाठी मी तिथून नखाएवढी पावाची टोपली, विहिरीची पोहरा-दोरी आणि खरोखर पेटणारा एवढासा कंदील आणला. विकणाऱ्या बाईंनी विचारलं तुमच्या मेंढपाळाची उंची किती, मला काही सांगता येईना. त्यांनी वस्तू मापावर लावून ठेवलेल्या, मेंढपाळ १२ सेंटिमीटरचा तर टोपली ह्या डब्यातली, ९ चा तर त्या डब्यातली. जाताना घरच्या मूर्ती मोजून न्या.

रिमझिम_२
वाचतेय, फार उपयोगी धागा. मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे सुरक्षित आहे का, मागे गाडी घुसवल्याच्या बातम्या आल्या होत्या. आणि वयस्कर लोकांना थंडी कशी झेपते?

इसारकाठचा
सुरक्षेचं खोटं सांगणार नाही. २०१६ ला बर्लिनमध्ये ट्रक घुसवला, २०२४ च्या डिसेंबरमध्ये माग्डेबुर्गला गाडी. तेव्हापासून मोठ्या बाजारांच्या तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे, पोलिसांच्या गाड्या, कुठे कुठे बॅगा तपासतात. आम्ही इथले लोक जातो, मुलांना घेऊन जातो. त्याहून रोजची भीती पाकीटमारांची, वाइनचा मग हातात धरून फोटो काढताना मागच्या खिशात पाकीट ठेवू नका. मुलीच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

थंडीचं म्हणजे डिसेंबरात साधारण शून्य ते पाच. बर्फ पडेलच असं नाही, फोटो बघून मुलांना बर्फाचं वचन देऊ नका, बऱ्याचदा नुसता चिखलपाऊस असतो.

चहाबिस्किट
थंडी वरून नाही, खालून लागते. दगडी फरसबंदीवर उभं राहून राहून तळवे गोठतात. त्यामुळे जाकिटावर कमी आणि बुटांवर जास्त खर्च करा, जाड रबरी तळ, एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे. आमच्या सासूबाई नऊवारी नेसणाऱ्या, काही केल्या पँट घालेनात. मग आत दोन थर्मल लेगिंग, वर नऊवारी, पायात बूट, वर माझ्या नवऱ्याचा लांब कोट. नऊवारीच बरी पडली, पायात येत नाही. रोथेनबुर्गला एका जर्मन आजींनी थांबवून काष्टा कसा खोचलाय ते समजून घेतलं, अर्धा तास दोघी खुणांनी बोलत होत्या, आम्ही बाजूला कुडकुडत.

बसायला जागा नसते हे लक्षात ठेवा, उंच टेबलांशी उभं राहूनच खायचं. दर तासाला आजी-आजोबांना कॅफेत नाहीतर चर्चमध्ये बसवा. टॉयलेटला अर्धा-एक युरो लागतो, नाणी खिशात वेगळी ठेवा, तिथे घाईत कोणी सुट्टे देत नाही. बऱ्याच स्टॉलवर कार्ड चालत नाही, रोख न्या.

डबलडेकर
व्हिसाचं कोणी लिहिलं नाही. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ऑगस्ट-सप्टेंबरलाच अपॉइंटमेंट पकडा, डिसेंबरच्या आधी स्लॉट मिळता मिळत नाहीत. अर्ज ज्या देशात रात्री जास्त त्या देशाकडे, समसमान असतील तर आधी जिथे उतरणार त्याच्याकडे. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, सहाच्या आतल्यांना नाही. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, सासू-सासऱ्यांच्या जुन्या दुखण्यांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचूनच घ्या.

रिमझिम_२
स्ट्रासबुर्ग-कोलमार कोणी केलंय का? फोटो फारच गोड असतात.

लेथवाला
गोड आहेत आणि गच्च आहेत. स्ट्रासबुर्गला डिसेंबरच्या शनिवार-रविवारी हॉटेलचे भाव बघून घाम फुटेल, त्या थंडीतही. ऱ्हाईनच्या ह्या बाजूला जर्मनीतलं केल गाव आहे, तिथे राहा, ट्राम पूल ओलांडून थेट स्ट्रासबुर्गात जाते. काइझर्सबर्गसारख्या छोट्या गावांचे बाजार फक्त शुक्रवार ते रविवार असतात, मंगळवारी गेलात तर नुसती घरं बघून याल, अर्थात घरंही वाईट नाहीत.

साखरभात
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री घरात बैठक झाली. ह्यांचं म्हणणं सुट्टीतच जाऊ, व्हिएन्ना-साल्झबुर्ग-प्राग, शाळा बुडवायची नाही. मी आणि मुलगा आगमनकाळाच्या बाजूने. सासरे तटस्थ. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, म्हणाल्या एवढ्या लांब जाऊन लोकांचा सण झाल्यावर कशाला जायचं, सण असताना जाऊ, आणि ती काष्ट्याची गोष्ट त्यांना वाचून दाखवली तेव्हापासून कपाटातून दोन नऊवारी काढून ठेवल्यात.

तर ५ डिसेंबरला म्युनिक, गव्हाणीचा बाजार, मग न्यूर्नबर्गला चार रात्री, एक दिवस रोथेनबुर्ग, जमलं तर ड्रेस्डेन दोन रात्री घोड्यांसाठी, १३ ला परत. स्ट्रासबुर्ग पुढच्या वेळी. फक्त शाळेच्या रजेच्या अर्जात काय लिहू? मुलाच्या युनिट टेस्ट ९ तारखेपासून आहेत. गावी लग्न असं लिहायचं ठरत होतं पण वर्गशिक्षिका आमच्याच सोसायटीत राहतात.

इसारकाठचा
खरं लिहा हो. आणि ५ ला म्युनिकला येताय तर एक सूचना, ५-६ डिसेंबरच्या सुमारास इथे क्राम्पुस म्हणजे राक्षसाची सोंगं निघतात, शिंगं, केसाळ कातडी, कमरेला घंटा लावलेले. मोठ्यांना मजा, पाच वर्षांची मुलगी भोकाड पसरेल. त्या वेळी तिला कडेवर घ्या किंवा आजीबरोबर आत बसवा. ५ च्या रात्री मात्र हॉटेलच्या दाराबाहेर तिचे बूट पुसून ठेवायला सांगा, सकाळी संत निकोलाउस त्यात चॉकलेट आणि संत्रं ठेवून जातो, संत्रं तुम्ही आधीच आणून लपवा, ६ ला रविवार आहे, दुकानं बंद.

कुंपणावरचा
वर्गशिक्षिकांसाठी मार्झिपानचं डुक्कर आणा, टेस्टचं बघून घेतील त्या.

डबलडेकर
डुकरं ३१ ला मिळतात, साखरभात १३ ला परत येतायत. त्यापेक्षा बाजारातला मग आणा.

साखरभात
मगच आणते. २०२६ लिहिलेला.